रीयूजेबल इअरप्लग: एका कानात दुखतात, दुसऱ्यातून निसटतात. साइज कसा ठरवायचा?

प्रेसवाला

नमस्कार मंडळी. शीट मेटलच्या प्रेस शॉपमध्ये कामाला आहे, आठ तासांची शिफ्ट, मधेमधे ओव्हरटाइम. इतके दिवस फोमचे प्लग वापरत होतो, वळून बारीक करायचे, कानात सारायचे आणि शिफ्ट संपली की फेकायचे. पण आमच्या हातांना कायम ऑइल, त्याच काळ्या बोटांनी फोम वळायचा आणि तो कानात, तेही दिवसातून चार-पाच वेळा, हे काही बरं वाटेना. म्हणून मागच्या महिन्यात धुवून पुन्हा वापरायचे घेतले, ते एकावर एक तीन छत्र्या लावल्यासारखे असतात ना आणि मागे छोटी दांडी, तसले.

आता प्रॉब्लेम असा आहे की डाव्या कानात घट्ट बसतो पण तासाभरात आत ठणकायला लागतं आणि उजव्या कानातला अर्ध्या तासात आपोआप बाहेर येतो, कुणाशी बोललो की हमखास. पाकिटावर एनआरआर (प्लग किती डेसिबल आवाज अडवतो त्याचा आकडा) २७ लिहिलंय. एका दोस्ताकडे दुसऱ्या कंपनीचे आहेत त्यावर २५ आहे पण तो म्हणतो त्याला काहीच त्रास नाही. फोनवर अ‍ॅप टाकून बघितलं तर माझ्या मशीनपाशी ९४ ते ९६ डेसिबल दाखवतंय. घरी गेलो की कानात बारीक कुईऽऽ आवाज येतो, झोपेपर्यंत जातो मग.

मोठ्या आकड्याचे घेऊ की मोठ्या साइजचे घेऊ? आणि साइज कळणार कसा, पाकिटावर तर काहीच लिहिलेलं नाही. शिवाय प्लग घातले की सुपरवायझर काय बोलतो ते कळत नाही म्हणून एक काढून ठेवावा लागतो, त्यावरही काही असेल तर सांगा.

---

जुनाफिटर

प्लगचं बाकीचे सांगतीलच, मी आधी त्या कुईबद्दल बोलतो कारण तू ते शेवटी सहज लिहिल्यासारखं लिहिलंयस आणि मला तेच सगळ्यात जास्त टोचलं.

मी फोर्जिंगमध्ये काढली सगळी नोकरी. आमच्या वेळी कानात कापसाचे बोळे घालायचो आणि वाटायचं झालं काम. कापसाने जवळजवळ काही अडत नाही, नंतर कळलं. मलाही तसाच आवाज यायचा, झोपेपर्यंत जायचा. मग सकाळपर्यंत राहायला लागला. मग गेलाच नाही. आज हे टाइप करतानाही चालू आहे. आणि ऐकू येणं असं एकदम बंद होत नाही रे, लोकांना वाटतं बहिरा म्हणजे काहीच ऐकू येत नाही. मला माणसं बोलताना ऐकू येतात पण शब्द कळत नाहीत, स, श, फ असली अक्षरं गळून जातात, नातवंडं बोलली की मी नुसता मान हलवतो. डॉक्टरांनी ग्राफ दाखवला त्यात चार हजार हर्ट्झपाशी खड्डा. आवाजाने कान गेला की पहिला खड्डा बहुतेक तिथेच पडतो म्हणाले, आणि आतल्या ज्या केसांसारख्या पेशी असतात त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत.

तर तुझी कुई ही सूचना आहे की सध्याच्या प्लगने तुझं काम होत नाहीये. पाकिटावर काही का लिहिलेलं असेना. कानाची तपासणी करून घे, आणि तपासणीच्या आधी निदान चौदा तास आवाजापासून लांब राहून जा, नाहीतर शिफ्टचा तात्पुरता दडा त्या ग्राफमध्ये मिसळतो.

---

डेसिबल

९५ आवाज आहे ना, मग सरळ ३३ वाले घ्या. ९५ वजा ३३ म्हणजे ६२. विषय संपला. फोमचे ३३ पर्यंत मिळतात. रीयूजेबल सगळे २५-२७ च्या आसपासच असतात त्यामुळे ते घेण्यात मुळात अर्थ नाही असं माझं मत.

---

अनामिका_क्यूसी

@डेसिबल असं सरळ वजा होत नाही हो. ते पुढे कुणीतरी नीट सांगेलच, मी माझा अनुभव लिहिते.

मी क्वालिटीमध्ये आहे, दिवसभर लाइनवर फिरणं. आम्हाला एकाच साइजचा एकच बॉक्स यायचा, सगळ्यांना तेच. मला प्लग कधी आत जायचेच नाहीत पूर्ण, बाहेर लटकायचे, आणि मी समजायचे की माझ्यातच काहीतरी चूक आहे किंवा मला घालताच येत नाही. दोन वर्षं अशीच काढली. मग एकदा फिट टेस्टिंगवाले, म्हणजे प्लग कानात किती बसतो ते मोजणारे, आले, मशीन घेऊन. लहान साइज दिला तेव्हा पहिल्यांदा कळलं की "प्लग बसला" म्हणजे काय वाटतं. कंप्रेसर कुणी बंद केला की काय असं झालं. आणि गंमत म्हणजे माझ्या उजव्या कानाला लहान आणि डाव्याला मधला लागतो. दोन पायांना वेगळ्या साइजची चप्पल लागावी तसंच, पण कानाची नळी आतून दिसत नसल्यामुळे आपल्याला ते सुचतच नाही.

तुमचं वर्णन वाचून मला तरी तेच वाटतंय, डावा कान अरुंद, उजवा रुंद, आणि दोन्हींत एकच साइज कोंबलाय. तीन छत्र्यांवाले काही ब्रँड "सगळ्यांना एकच साइज" म्हणून विकतात पण काहींमध्ये लहान-मधला-मोठा मिळतो, तसा बघा. दोन पाकिटं घ्यावी लागतील, त्याला इलाज नाही. उरलेले कुणाला तरी बसतील.

---

कानसेन

कामाच्या ठिकाणी जाऊन लोकांचे कान तपासणं हेच माझं काम आहे त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिलं, आकडा. एनआरआर हा प्रयोगशाळेतला आकडा. तिथे माणसाला शांत खोलीत बसवून प्लग नीट घालतात आणि मोजतात. कारखान्यात घामेजलेल्या कानात, घाईत, एका हातात हातमोजा असताना तसं कधीच होत नाही. अमेरिकेतल्या ओशाची, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याची, एक ढोबळ रीत आहे, एनआरआरमधून ७ वजा करायचे आणि उरलेल्याचे निम्मे धरायचे. ७ जातात ते मीटरच्या ए आणि सी या दोन मोजण्याच्या पद्धतींतल्या फरकापायी आणि निम्मे जातात ते प्रत्यक्षातल्या ढिलाईपायी. त्या हिशोबाने २७ चे झाले १० आणि २५ चे झाले ९. म्हणजे तुमच्या आणि दोस्ताच्या प्लगमध्ये फरक किती, तर एका डेसिबलचा. ३३ चे १३ होतात, @डेसिबल, ६२ वगैरे विसरा. आणि हेसुद्धा अंदाजच. मी एकाच मॉडेलचा प्लग एकाला उत्तम बसलेला आणि शेजारच्याला जवळजवळ शून्य देणारा बघितलाय, दोघांनाही वाटत होतं की आपला बसलाय. म्हणून मी लोकांना सांगतो, पाकीट उलटं धरा आणि कान बघा.

दुसरं, किती हवंय. नायॉश या अमेरिकेतल्याच कामगार आरोग्याच्या संशोधन संस्थेची शिफारस आहे ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच तास. तुम्ही ९५ ला आठ तास उभे आहात, तेव्हा फिटिंग हा लाड नाहीये. पण उलट बाजूही आहे, फार जास्त अडवणारा प्लगही नको. युरोपातली ईएन ४५८ ही मार्गदर्शिका म्हणते की प्लग घातल्यावर कानाशी ७५ ते ८० उरावेत, ७० च्या खाली गेलं तर ते जास्तीचं संरक्षण. जास्तीचं झालं की काय होतं ते तुम्हीच लिहिलंय, माणूस बोलणं ऐकायला प्लग काढतो, फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू येत नाही. तुम्हाला खरे, म्हणजे कानात प्रत्यक्ष मिळणारे, १५ ते २० पुरेत. आणि फोनच्या अ‍ॅपवर फार विसंबू नका, प्रेसचा दणका क्षणाचा असतो, फोनचा माइक तो बरेचदा पूर्ण पकडत नाही. सेफ्टीवाल्यांकडे मोजणीचा रिपोर्ट असेल तर मागा.

आता घालण्याची रीत, कारण निम्म्या लोकांचा साइज बरोबर असतो आणि रीत चुकलेली असते. कानाची नळी सरळ नसते, तिला वळणं आहेत. उजव्या कानात घालायचा तर डावा हात डोक्यावरून फिरवून आणा, कान वर आणि मागे ओढा, तोंड जरा उघडा, आणि उजव्या हाताने दांडी धरून प्लग हळूहळू फिरवत आत सारा, जोपर्यंत गच्च वाटत नाही तोपर्यंत. दांडीच धरायची, छत्र्यांना बोट लावायचं नाही, रीयूजेबलचा हाच तर फायदा आहे तुमच्या ऑइलच्या हातांसाठी. कान न ओढता नुसता दाबला की पहिली छत्री वळणावरच अडते आणि मधली-मोठी बाहेर राहते. आरशात समोरून बघितलं आणि प्लग कानातून बाहेर डोकावतोय असं दिसलं तर तो आत गेलेला नाही.

बसलाय का ते असं बघा. मशीन चालू असताना दोन्ही तळवे कानांवर गच्च दाबा आणि सोडा. दाबल्यावर आवाज अजून बराच कमी झाला तर प्लगमधून गळती आहे, फारसा फरक पडला नाही तर ठीक. मग मोठ्याने एक ते दहा म्हणा, आपला आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमला पाहिजे, आणि दोन्ही कानांत सारखाच. एकाच कानात घुमला तर दुसरा उघडा आहे. मग दांडी अगदी हलकी ओढा, जरा अडकल्यासारखं वाटलं पाहिजे. हे सगळं झाल्यावर जबडा हलवा, जांभई द्या, दोन मिनिटं बोला आणि पुन्हा तळव्यांची टेस्ट करा, कारण जबड्याबरोबर नळीचा आकार बदलतो. तुमचा उजवा बोलल्यावर निसटतो तो याच कारणाने, एक तर साइज लहान पडतोय नाहीतर पुरेसा आत जात नाहीये. आधी रीत सुधारून बघा, तरी निसटला तर मोठा साइज. डाव्याचं मात्र वेगळं, दुखणारा प्लग "सवय होईल" म्हणून चालवून घ्यायचा नाही, पहिले दोन-तीन दिवस थोडं भरल्यासारखं वाटणं वेगळं आणि ठणकणं वेगळं. लहान साइज किंवा मऊ सिलिकॉनचा किंवा दांडीवर फोमची टोपी असलेला प्रकार बघा, ज्याला वळावं लागत नाही, नुसता ढकलायचा. आणि हो, ठणका साइज बदलूनही राहिला तर प्लग बंद करून कान दाखवून घ्या, मळ दाटलेला असेल किंवा आत पुटकुळी असेल. तोवर इअरमफ, म्हणजे हेडफोनसारखे कानांवर बसणारे कप.

शेवटचं, काढण्याबद्दल, हे कुणी सांगत नाही. फटकन ओढू नका. छत्र्या गच्च बसलेल्या असतात, झटक्याने ओढलं की आत पोकळी होऊन पडद्याला ताण बसतो, फिरवत हळू काढा.

---

डेसिबल

@कानसेन ठीक आहे, चूक मान्य. पण मग प्लगवर इअरमफ घातला तर २७ अधिक २५ म्हणजे ५२ असंही नसणार?

---

कानसेन

नाही. दोन्ही मिळून साधारण पाचेक डेसिबलच वाढतात, ज्याचा आकडा जास्त त्याच्यावर पाच धरा. एका मर्यादेपलीकडे आवाज कवटीच्या हाडातूनच आत जातो, तिथे कान कितीही बुजवा. दोन्ही एकत्र हे १०० च्या वरच्या कामाला. ९५ ला एकच, पण नीट बसलेला.

---

प्रेसवाला

बापरे, केवढं लिहिलंत, सगळ्यांना मनापासून थँक्यू. तळव्यांची टेस्ट आज केली, उजव्या बाजूने आवाज एकदम अर्धा झाला म्हणजे इतके दिवस तो कान उघडाच होता असं म्हणायचं 😐 जुनाफिटर काका, तुमचं वाचून रात्री झोप नाही लागली खरंच, तपासणीची तारीख घेतलीय.

तो सुपरवायझरचा मुद्दा राहिलाच. दिवसातून दहा वेळा तरी बोलायला येतो, दर वेळी दोन-तीन मिनिटं एक प्लग काढतो. एवढ्याने काय बिघडतं का?

---

कानसेन

बिघडतं, आणि वाटतं त्यापेक्षा खूप जास्त. समजा खरोखर ३० डेसिबल अडवणारा प्लग आहे आणि आठ तासांत फक्त अर्धा तास तो काढलात. दिवसभराचा हिशोब धरला तर तुम्हाला मिळालेलं संरक्षण १२ च्या आसपास येतं. ३० चे १२! बाकीचे साडेसात तास काटेकोर घातला असलात तरी. कारण कानाचा हिशोब सरासरी मिनिटांचा नसतो, आत गेलेल्या आवाजाच्या ऊर्जेचा असतो, आणि त्या उघड्या अर्ध्या तासातच जवळजवळ सगळी ऊर्जा आत जाते. तुमचे दहा गुणिले तीन म्हणजे नेमका अर्धा तास झाला बघा.

म्हणून बोलायचं असेल तर दोघांनी शांत जागी जाऊन बोला, केबिन, पॅसेज, काहीही. नाहीतर सपाट अडवणारे म्हणजे सगळ्या पट्ट्यांना सारखं कमी करणारे फिल्टरवाले प्लग मिळतात, मुळात वादकांसाठी बनवायला लागले. साधा प्लग वरच्या पट्टीचा आवाज जास्त मारतो म्हणून बोलणं गोधडीतून आल्यासारखं येतं, फिल्टरवाल्यात शब्द जास्त सुटे येतात. पण ते अडवतात कमी, त्यामुळे प्रेसच्या दणक्यासमोर ते पुरतील की नाही हे सेफ्टीवाल्यांशी मोजणीचा कागद समोर ठेवून ठरवा, मी इथून सांगणार नाही.

---

जुनाफिटर

अजून एक. दोरीवाले की बिनदोरीचे? दोरीवाले गळ्यात राहतात, खाली चिपमध्ये पडत नाहीत, हे चांगलं. पण प्रेस, लेथ, ड्रिल, जिथे काही फिरतंय किंवा खाली येतंय तिथे लोंबती दोरी नको म्हणजे नको. आमच्यात एकाची अडकली होती, दोरी तुटली म्हणून निभावलं. घालायचीच तर मानेमागून घे आणि शर्टात खोच. आणि दोरी कपड्याला घासली की त्याचा खरखर आवाज थेट कानात येतो, त्यावरून कळतं की प्लग बसलाय, हाहा.

---

अनामिका_क्यूसी

धुण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. रोज शिफ्ट संपली की कोमट पाणी आणि साधा साबण, बोटाने छत्र्यांच्या खालची बाजू चोळायची, मळ तिथेच बसतो. स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर असलं काही लावू नका, मटेरियल कडक होतं. पूर्ण वाळल्याशिवाय डबीत टाकायचे नाहीत, ओले डबीत राहिले की वास येतो आणि मग कानाला खाज. मी रात्रभर रुमालावर ठेवते आणि सकाळी बॅगेत. दर सोमवारी छत्री उलटी करून बघते, चीर गेली असेल किंवा दाबली तरी लगेच परत उघडत नसेल तर सरळ फेकायचा. रीयूजेबल म्हणजे कायमचा नाही, माझ्याकडे एकजण वर्षानुवर्षं तीच जोडी वापरत होता, छत्री पार बटणासारखी टणक झालेली.

आणि कान साफ करायला काडी घालू नका प्लीज. मळ आत ढकलला जातो आणि मग प्लग त्याला अजून आत ढकलतो.

---

लूमवाला_राजा

मधेच घुसतो. माझ्या एका मित्राने कानाचा साचा घेऊन बनवलेले कस्टम प्लग घेतले, त्याला फार आवडले. ते घेतले तर हा साइजचा घोळच राहणार नाही ना?

---

कानसेन

साचा नीट घेतला असेल तर आरामाला त्यांच्यासारखे दुसरे नाहीत. पण "माझ्या कानाचाच आहे म्हणजे बसणारच" हे खरं नाही. साचा घेताना जबडा कसा होता, मसाला वळणाच्या पुढपर्यंत गेला होता का, यावर सगळं अवलंबून. वजन बरंच कमी-जास्त झालं की नळीही बदलते. त्यांचीही तपासणी करूनच घ्या. फिट टेस्टिंगमध्ये दोन प्रकार जास्त दिसतात: एकात हेडफोन लावून प्लगशिवाय आणि प्लगसह सगळ्यात बारीक आवाज कुठपर्यंत ऐकू येतो ते बघतात, दुसऱ्यात चाचणीच्या खास प्लगमध्ये बारीक नळी असते आणि माइकने आतला-बाहेरचा आवाज एकाच वेळी मोजतात. शेवटी तुमच्या स्वतःच्या कानाचा आकडा हातात येतो, त्याला पीएआर म्हणतात. कंपनीत ही सोय होत असेल तर दहा प्रकारचे प्लग घरी आणून बघण्यापेक्षा ती मागून घ्या.

---

प्रेसवाला

तीन आठवड्यांनी अपडेट.

तपासणी झाली. खड्डा पडायला लागलाय थोडा, डॉक्टर म्हणाले इथेच थांबवता येईल. त्यावर जास्त लिहीत नाही.

प्लगचं सांगतो. उजव्याला आधी फक्त रीत बदलली, कान वर-मागे ओढून घातला, तरी शिफ्टच्या मध्यापर्यंत ढिला व्हायचा. मग मोठा साइज घेतला, आता बोललो तरी जागचा हलत नाही. डाव्याला लहान घेतला तर तळव्यांच्या टेस्टमध्ये गळती, म्हणजे माझा कान अरुंद नव्हताच! मग कान दाखवला तेव्हा कळलं की आत मळ दाटून बसला होता, प्लग त्यावर टेकत होता आणि म्हणून ठणकायचा. तो काढल्यावर तोच जुना मधला साइज व्यवस्थित बसतोय. अनामिकाताई, तुमचा अंदाज निम्मा बरोबर आला 😄

सुपरवायझरला तो ३० चे १२ वाला हिशोब कागदावर लिहून दाखवला. आधी म्हणाला व्हॉट्सअ‍ॅपवर येतं काहीही. मग त्यानेच सेफ्टीवाल्यांना विचारलं आणि आता मशीनपाशी येऊन बोटाने खूण करतो, बोलायला आम्ही टूल रूममध्ये जातो. कुई सध्या रोज येत नाही, ओव्हरटाइमच्या दिवशी येते.

आता एकच घोळ, दोन्ही प्लग एकाच केशरी रंगाचे आणि साइज वेगळे, सकाळी घाईत उलटे घातले जातात.

---

अनामिका_क्यूसी

आमच्याकडे उजव्याला लाल, डाव्याला निळा असं ठेवतात, कानाच्या तपासणीच्या ग्राफमध्ये असतं तसंच. दांडीवर पक्क्या मार्करने ठिपका द्या, छत्रीवर मात्र नको.

---

प्रेसवाला

मार्कर ऑइलने दोन दिवसांत गेला. डब्या दोन केल्यात, उजव्याच्या डबीला इन्सुलेशनची लाल टेप.